पोकळ पेटीची विजेची गिटार

(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां विषय कोणता घ्यावा हें आमच्यावरच सोंपविलें. आम्ही विद्वान नव्हों, आणि वक्ते तर मुळींच नव्हों. गेलीं पंचवीसांहून अधिक वर्षें या गांवच्या लग्नांत, साखरपुड्यांत आणि नाताळच्या कार्यक्रमांत एक मोठ्या पोटाची गिटार गळ्यांत अडकवून कोपऱ्यांत उभा राहणारा मनुष्य, एवढीच आपली आमची ओळख. मुलें जवळ येऊन त्या गिटारीच्या भोकांत डोळा लावतात आणि विचारतात, "आंत काय आहे?" आंत कांहीं नाहीं, हें त्याचें खरें उत्तर, आणि त्या कांहीं नसण्याविषयींच आज बोलावें असें आम्हीं योजिलें आहे.

विजेची गिटार म्हटली म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक रंगीत फळी येते. तीहि विजेची गिटारच. पण तिचें लांकूड भरीव असतें, आणि वीज नसली तर ती जवळजवळ मुकी. आमची तशी नव्हे. हिची पेटी व्हायोलिनप्रमाणें पोकळ, तबली मधोमध फुगीर, आणि घोडीच्या दोन्ही बाजूंस इंग्रजी 'एफ्' अक्षराच्या वळणाचीं दोन भोकें. तारा मात्र पोलादी, आणि त्यांच्याखालीं लोहचुंबकाभोंवतीं केंसासारखी बारीक तांब्याची तार हजारों वेढे गुंडाळून केलेलें एक साधन बसविलेलें असतें. त्यास पिकअप म्हणतात. पोलादी तार चुंबकापुढें थरथरली म्हणजे त्या वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो दोरींतून ध्वनिवर्धकाकडे जातो आणि तेथें बळावून कर्ण्यांतून बाहेर पडतो. सारांश, या वाद्यास दोन कंठ आहेत: एक लांकडाचा, दुसरा विजेचा. हे कधीं एकमेकांस साथ देतात आणि कधीं भर सभेंत भांडतात. त्या भांडणानें एकदां आमची काय अवस्था केली तें पुढें सांगूंच.

हें वाद्य जन्मानें अमेरिकन आहे. मिशिगन संस्थानांत कॅलमझू नांवाचें शहर आहे. तेथें १९०२ सालीं गिब्सन कंपनी निघाली. ऑर्व्हिल गिब्सन या कारागिराची कल्पना अशी कीं, मँडोलिन आणि गिटार यांच्या तबल्या व्हायोलिनप्रमाणें कोरून फुगीर कराव्या. पुढें त्याच कारखान्यांत लॉइड लोअर याच्या देखरेखीखालीं १९२२ च्या सुमारास 'एल्-५' नांवाची गिटार तयार झाली, आणि व्हायोलिनचीं तीं दोन भोकें गिटारीच्या पोटावर आलीं. तरीहि गिटारवाल्याचें दैन्य संपलें नाहीं. त्या काळच्या नृत्यवृंदांत ट्रंपेट, ट्राँबोन, सॅक्सोफोन आणि ढोल यांचा असा काय गदारोळ असे, कीं त्यांत गिटारीनें ठेका धरून बसावें, याहून अधिक कोणी तिच्याकडून अपेक्षा करीत नसे. तिनें एकटीनें गावें, तर तें पुढच्या रांगेसहि ऐकूं जात नसे.

१९३६ सालीं गिब्सननें पोकळ पेटींत पिकअप बसवून 'ईएस्-१५०' ही गिटार काढली. नांवांतला आंकडा म्हणजे गिटार आणि ध्वनिवर्धक मिळून होणारी किंमत, दीडशें डॉलर. तिचा चुंबक इतका जड होता कीं तो पेटीच्या आंत, तबलीच्या खालच्या अंगास, तीन मळसूत्रांनीं लटकवावा लागे. ही गिटार ज्याच्या हातीं पडून सार्थकीं लागली त्याचें नांव चार्ली ख्रिश्चन. (आडनांवच तें, आमचा त्यांत हात नाहीं.) १९१६ सालीं टेक्सास संस्थानांत जन्मलेला आणि ओक्लाहोमा शहरांत गरिबींत वाढलेला हा निग्रो तरुण १९३९ च्या ऑगस्टांत बेनी गुडमन याच्या वृंदांत दाखल झाला. त्यानें गिटारीचा ठेका सोडविला. सॅक्सोफोनवाला जसा एक एक स्वर घेऊन लांबलचक वाक्य बोलतो, तसें तो सहा तारांवर बोलूं लागला, आणि वीज असल्यामुळें तें शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचूं लागलें. १९४२ च्या मार्च महिन्यांत क्षयानें तो वारला. वय अवघें पंचवीस. अडीच-तीन वर्षांचा तो काळ. पण त्यानंतरच्या जॅझ-गिटारवाल्यांपैकीं त्याच्या ऋणांत नसलेला मनुष्य शोधून सांपडणें कठीण.

आपल्याकडे हे स्वर कसे आले, हेंहि दोन शब्दांत सांगितलें पाहिजे. १९३० नंतरच्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत अमेरिकन निग्रो वादकांचे जॅझवृंद येऊन वाजवूं लागले, आणि त्यांच्या शेजारीं बसून तें संगीत उचलण्यास सर्वांत सिद्ध कोण होतें, तर गोव्याचे ख्रिस्ती वादक. कारण गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि वाचणें, गाणें आणि व्हायोलिन हीं पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत असत. हेच वादक पुढें हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. चिक चॉकलेट या नांवानें गाजलेले ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हे १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत आपले सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. म्हणजे ज्या चालींवर आमच्या वडिलांची पिढी डोललीं, त्यांत या परक्या संगीताचा अंश आधींच मिसळलेला होता. आम्हांस गिटारीचें वेड लागलें तें असें, घरच्या रेडिओंतून.

आतां आमच्या गिटारीकडे येऊं. १९९७ सालीं मुंबईचे एक गृहस्थ परदेशीं जाण्यापूर्वीं आपली पोकळ गिटार विकणार आहेत, असें कानावर आलें. ती कांहीं कॅलमझूची नव्हती, तिच्या नांवाचा कोठें बोलबाला नाहीं. पण मेपलच्या पातळ थरांची पेटी, दोन पिकअप, आणि मधाच्या रंगाचें रोगण. पाहतांक्षणीं आम्ही तिचे झालों. खिशांतले पैसे घर शाकारण्यासाठीं काढून ठेविलेले होते. ते तिकडे गेले. त्या पावसाळ्यांत आमच्या माजघरांत तीन ठिकाणीं गळत होतें. प्रत्येक धारेखालीं एक पातेलें, आणि घरांतल्या एकुलत्या एक कोरड्या कोपऱ्यांत गिटार, अशी व्यवस्था होती. आमच्या कुटुंबानें त्या वेळीं काय म्हटलें तें या सभेंत सांगण्याजोगें नाहीं.

१९९९ च्या मे महिन्यांत एका लग्नाच्या मेजवानींत भांडण झालें. म्हणजे वर सांगितलेल्या त्या दोन कंठांचें. मांडवांत जागा थोडी, म्हणून ध्वनिवर्धक आमच्या पाठीशीं ठेविला होता. ढोलवाला रंगांत आला, तसे आम्हीहि आवाज वाढवीत गेलों. नवरानवरी नाचण्यास उभीं राहिलीं, आम्हीं खर्जाची एक तार छेडली, आणि ती थांबेचना. हात काढला तरी स्वर चालूच. नुसता चालू नव्हे, वाढत चालला. गाय हंबरावी तशी ती पेटी हंबरूं लागली. लोकांनीं कानांवर हात ठेविले, एक तान्हें मूल किंचाळून रडूं लागलें, आणि शेवटीं नवरदेवाच्या मामांनीं पुढें होऊन ध्वनिवर्धकाची पिनच भिंतींतून उपटली. उरलेल्या संध्याकाळीं कॅसेट लावून नाच झाला. आम्ही जेवणास थांबलों नाहीं.

हें कां होतें? आपल्यापैकीं कोणीं दोन तंबोरे एका सुरांत लावून समोरासमोर ठेविले असतील, तर त्यांनीं पाहिलेंच असेल कीं, एकाची तार छेडली असतां दुसऱ्याची आपोआप थरथरते. येथेंहि तोच प्रकार. कर्ण्यांतून निघालेला आवाज हवेंतून येऊन पोकळ पेटीच्या तबलीवर आदळतो. तबली हलते, ती तारेस हलविते. तार पिकअपपुढें हलली कीं तोच स्वर पुन्हां ध्वनिवर्धकाकडे जातो, अधिक मोठा होऊन बाहेर पडतो आणि पुन्हां तबलीवर येतो. असें चक्र एकदां सुरू झालें कीं वादकाचें त्यांत कांहीं काम उरत नाहीं. यास फीडबॅक म्हणतात. भरीव फळीस हा त्रास फार कमी, कारण हलावयास तिला पोट कोठें आहे?

शरमेनें आम्ही उपायांमागें लागलों. प्रथम दोन्ही भोकांत स्पंज कोंबला. हंबरणें कमी झालें, आणि त्याबरोबर गाणेंहि. मग एका वाद्यदुरुस्तीवाल्याकडे गेलों. त्यानें निदान केलें कीं घोडी सैल आहे. वस्तुतः या जातीच्या पुष्कळ गिटारींची घोडी सैलच असते. ती तबलीवर नुसती टेकलेली असून तारांच्या दाबानें जागीं राहते. हें त्यास ठाऊक नव्हतें आणि त्या वेळीं आम्हांसहि नव्हतें. त्यानें तबलीस दोन भोंकें पाडून घोडी मळसूत्रांनीं आवळून टाकिली. तीं दोन भोंकें आजहि आहेत. सभा संपल्यावर पाहूं इच्छिणारांनीं अवश्य पाहावीं. वर त्यानें असें सुचविलें कीं, पाठ उघडून आंत लांकडाचा ठोकळा भरावा म्हणजे कायमची ब्याद टळेल. आम्ही घरीं आलों आणि कुटुंबास सांगितलें कीं, आतां ही विकून एक भरीव गिटार घेतों. पैसे उरतील त्यांत कौलेंहि होतील.

आम्हांस वाटलें होतें कीं तिला आनंद होईल. ती कांहीं वेळ तांदूळ निवडीत राहिली. मग म्हणाली, "रात्रीं मुलें निजल्यावर तुम्ही वीज न लावतां वाजवितां, तें मला स्वयंपाकघरांत ऐकूं येतें. फळी आणलीत तर मीं काय ऐकावें?"

दोन वर्षें ज्या गोष्टीवर आम्हीं क्षणभरहि विचार केला नव्हता, ती एवढीच होती. मांडवांतल्या दोनशें लोकांसाठीं विजेचा कंठ. पण लांकडाच्या कंठास घरांत एक श्रोता होता, आणि त्यानें कौलांचे पैसे गेल्याचें दुःख सोसूनहि तें कधीं बोलून दाखविलें नव्हतें. त्याच आठवड्यांत आम्हीं मळसूत्रें आणि स्पंज काढून टाकिले.

या संबंधांत एका थोर वादकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. वेस माँटगोमेरी हा इंडियानापोलिस शहराचा; दिवसां कारखान्यांत काम करी. रात्रीं घरीं सराव करतांना आवाजाचा कोणास उपद्रव होऊं नये म्हणून त्यानें तार छेडण्याची नखी टाकून देऊन नुसत्या आंगठ्यानें वाजविण्यास आरंभ केला. त्या आंगठ्याचा मऊ, भरदार स्वर आणि एकाच वेळीं एका सप्तकाच्या अंतरावरील दोन स्वर घेण्याची त्याची रीत हीच पुढें त्याची कीर्ति झाली. तो वाजवीत असे ती पोकळ एल्-५. १९६८ सालीं पंचेचाळिसाव्या वर्षीं तो वारला. त्याच्या शेजाऱ्यांचे आभार कोणीं मानले आहेत कीं नाहींत, कोण जाणे.

हंबरण्यावर खरा उपाय आम्हांस शिकविला तो मुंबईच्या एका वृद्ध गोवेकर वादकांनीं. गोव्याकडे चर्चच्या गायनशिक्षकास मेस्त्री म्हणतात. यांचे वडील तसे मेस्त्री होते, म्हणून यांनाहि सर्व त्याच नांवानें हांक मारीत. त्यांनीं आमची गिटार मांडीवर घेतली, तबलीवर बोटानें टिचकी मारली आणि कान लावून म्हणाले, "आधीं हिचा स्वतःचा सूर कोणता तें ओळख. त्याच सुरावर ती हंबरणार." प्रत्येक पोकळ पेटीस असा एक सूर असतो, आमचीचा सर्वांत जाड तारेच्या चौथ्या-पांचव्या पडद्याच्या आसपास आहे. तेथें आलों कीं आम्ही तारेवर तळहाताची कड हलकेच टेकवितों. मग त्यांनीं उभें राहण्यास शिकविलें. ध्वनिवर्धक पाठीशीं ठेवूं नये. पुढें, एका अंगास ठेवावा. गिटारीच्या तबलीनें त्याच्या तोंडाकडे पाहूं नये. हंबरूं लागली तर घाबरून कळा पिळीत बसण्यापेक्षां एक पाऊल सरकावें. पुष्कळदां तेवढ्यानेंच चक्र तुटतें. खर्जाची कळ अर्ध्यावर ठेवावी. गाणें संपलें कीं गिटारीवरची आवाजाची कळ बंद करावी. आणि ढोलवाल्याशीं चढाओढ करूं नये, त्यासच हळू वाजविण्याची विनंती करावी. या शेवटच्या उपायास सर्वांत अधिक धैर्य लागतें.

कारखानदारांनींहि या दोषाशीं पुष्कळ झुंज घेतली आहे. १९४९ सालीं गिब्सननें 'ईएस्-१७५' काढली. तिची तबली अखंड लांकूड कोरून न करतां थर चिकटवून केलेली. असें लांकूड कमी हलतें म्हणून कमी हंबरतें, आणि स्वस्तहि पडतें. ही गिटार सुमारें सत्तर वर्षें निघत राहिली. चेट अ‍ॅटकिन्स याच्यासाठीं ग्रेच् कंपनीनें १९५७ च्या सुमारास काढलेल्या एका गिटारीस तर भोकेंच नव्हतीं. भोकांचा नुसता आभास होता. १९५८ सालीं गिब्सननें 'ईएस्-३३५' च्या पोटांत मधोमध मेपलचा ठोकळा घालून दोन्ही कुशी तेवढ्या पोकळ ठेविल्या. बी. बी. किंग याच्या नांवानें १९८० पासून जी गिटार निघाली तिलाहि भोकें ठेविलेलीं नाहींत. या साऱ्या उत्तम गिटारी आहेत. ज्यांस मोठ्या रंगमंचावर मोठ्यानें वाजवावयाचें त्यांनीं त्याच घ्याव्या. पण पोट जितकें भरावें तितका लांकडाचा कंठ बसतो, हा आमचा अनुभव.

बी. बी. किंगचें नांव निघालें म्हणून सांगतों. १९४९ च्या हिंवाळ्यांत आर्कान्सा संस्थानांतल्या ट्विस्ट या खेड्यांत तो एका नाचघरांत वाजवीत होता. ऊब यावी म्हणून जमिनीवर रॉकेलचें जळतें पिंप ठेविलेलें. दोघां माणसांच्या झोंबाझोंबींत तें कलंडलें आणि घर पेटलें. सर्व बाहेर पळाले. किंगहि पळाला, आणि गिटार आंत राहिली हें ध्यानांत येतांच पुन्हां आगींत शिरला. तीस डॉलरची गिटार! दुसऱ्या दिवशीं त्यास कळलें कीं भांडण ल्युसिल नांवाच्या एका बाईवरून झालें होतें, आणि आगींत दोघे मेले. पुन्हां असा मूर्खपणा करूं नये याची आठवण राहावी म्हणून त्यानें गिटारीस तेंच नांव दिलें, आणि पुढच्या आपल्या गिटारींसहि.

उलट, हंबरणें हेंच ज्यांस आवडलें असेहि लोक झाले. १९६४ सालीं बीटल्स मंडळींपैकीं जॉन लेनन यानें आपली पोकळ गिटार ध्वनिवर्धकास टेकून ठेविली, ती घुमूं लागली, आणि तोच घुमारा त्यांनीं 'आय फील फाइन' या गाण्याच्या आरंभीं मुद्दाम ध्वनिमुद्रित केला. १९९९ सालीं नवरदेवाच्या मामांस हें ठाऊक असतें तरी त्यांनीं पिन उपटलीच असती.

जोपासनेविषयीं थोडें. आमच्या वसईकडे मृगापासून दसऱ्यापर्यंत हवा ओली. लांकूड पाणी पितें, तबली फुगते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि बोटें दुखूं लागतात. म्हणून पावसाळ्यांत गिटार भिंतीवर टांगूं नये. तिच्या पेटाऱ्यांत, आंत ओल शोषणाऱ्या खड्यांची पुरचुंडी ठेवून, निजवावी. साऱ्या तारा एकदम काढूं नयेत. सहा जाड तारांचा मिळून ताण साठ किलोंहून अधिक असतो. तो एकदम गेला कीं घोडी जागची हलते. एक तार काढावी, दुसरी चढवावी, मग पुढचीस हात लावावा. घोडी हललीच, तर बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि तेथेंच दाबून निघणारा स्वर ताडून पाहावे. दाबलेला चढा निघाला तर घोडी किंचित् मागें, उतरता निघाला तर किंचित् पुढें. पडद्यांवर बोट घसरतांना होणारी किरकिर नको असेल, तर गुळगुळीत पट्टीनें मढविलेल्या तारा मिळतात. महाग आहेत, पण वर्षानुवर्षें टिकतात. सभागृहांतल्या नळीच्या दिव्यांमुळें गिटार गुणगुणूं लागली, तर दोष गिटारीचा नव्हे. एकेरी वेढ्यांचा पिकअप आसपासच्या विजेचें गुंजन ओढून घेतो. १९५५ सालीं गिब्सनच्या सेथ लव्हर यानें उलटसुलट जोडलेल्या दोन वेढ्यांचा पिकअप योजिला. त्यांत एकाचें गुंजन दुसरा पुसून टाकतो. आमच्या गिटारीस तसेच आहेत.

घर आम्हीं २००३ सालीं शाकारलें, तेंहि मेजवान्यांतून याच गिटारीनें मिळविलेल्या पैशांनीं. कुटुंब आज तिसऱ्या रांगेंत बसलेलें आहे, आणि आम्हीं तांदळाची गोष्ट सांगितली म्हणून घरीं गेल्यावर आमची खैर नाहीं.

फादरांनीं आतां वाजविण्याची आज्ञा केली आहे. पहिलें गीत आम्ही वीज न लावतां वाजविणार आहों. तेवढ्यापुरते पंखे बंद करावे अशी विनंती आहे; आणि मागच्या रांगांतल्या मंडळींनीं कृपा करून पुढें, जवळ येऊन बसावें.